ओवाळणीतला फोन आणि देणाऱ्याची जबाबदारी

घटस्थापनेच्या सुमारास ऑनलाइन सेल सुरू होतात आणि दिवाळी संपेपर्यंत घरोघरी नव्या फोनचे खोके येत राहतात. त्यांतले कितीतरी फोन विकत घेणारा स्वतः वापरणार नसतो. पाडव्याला नवरा बायकोला फोन देतो, भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या ताटात ठेवतो. पुण्यात नोकरी करणारी मुलगी सांगलीतल्या आईवडिलांसाठी मागवते, अमेरिकेतला मुलगा परस्पर अकोल्याच्या पत्त्यावर पाठवून देतो. निवड एकाची, पैसे एकाचे आणि त्या फोनबरोबर घरात शिरणारी जोखीम मात्र दुसऱ्याची.

सणासुदीला निघणाऱ्या सूचना वाचून पाहा. ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, आमिषाला भुलू नका. सगळं काही फोन हातात धरणाऱ्याला सांगितलेलं असतं. फोन देणाऱ्याला, विकणाऱ्याला किंवा ज्या बँकेतून पैसे जातात तिला कुणी काही सांगत नाही. माझ्या मते सुरक्षिततेची पहिली जबाबदारी या तिघांची आहे. ज्याला फोन भेट मिळाला त्याच्या सावधपणावर सगळ्यात शेवटी विसंबावं.

गृह मंत्रालयाने संसदेत दिलेली आकडेवारी सांगते की ऑनलाइन फसवणुकीत लोकांनी २०२३ साली सुमारे ७,४६५ कोटी रुपये गमावले आणि २०२४ साली सुमारे २२,८४५ कोटी. एका वर्षात तिपटीहून जास्त वाढ झाली. त्याच वर्षभरात बँकांच्या एसएमएसमध्ये, बसस्थानकांच्या फलकांवर सावधगिरीचे इशारे सतत चालू होते. इशारे देऊन भागत असतं तर आकडा उतरायला हवा होता. माणसं एका वर्षात तिप्पट भोळी होत नाहीत. फसवणुकीचा उद्योग मोठा झाला, त्यात माणसं कामाला लागली, त्याला आपली नावं, पत्ते आणि खरेदीचे तपशील मिळू लागले.

दिवाळीनंतर हा उद्योग कसा चालतो ते नीट समजून घ्यायला हवं, कारण ठरलेला उपदेश नेमका इथेच तोकडा पडतो. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते. पत्रिका आता व्हॉट्सअ‍ॅपवरच येतात आणि तसं आमंत्रण स्वीकारण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. अशा दिवसांत ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून ‘लग्नपत्रिका’ नावाची फाइल येते. ती चित्र नसते, पीडीएफ नसते, एपीके असते, म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल. ओळखीच्या नंबरवरून ती येते, कारण त्या माणसाचा फोन आधीच ठगांच्या ताब्यात गेलेला असतो. फाइल उघडली की फोन एकदा अडवतो, परवानगी मागतो. पत्रिका बघायच्या घाईत आपण ‘अलाउ’ दाबतो. मग ते अ‍ॅप एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं, तीही मिळते. त्यानंतर बँकेचा ओटीपी आला की तो परस्पर दुसरीकडे पोचतो.

अशी पत्रिका उघडून फसलेल्या बाईने ओटीपी कुणालाही सांगितलेला नाही. तिला कुणाचा फोनही आलेला नाही. पाच वर्षं तिला जे बजावलं गेलं ते तिने अक्षरशः पाळलं आणि तरी खातं रिकामं झालं. तिला निष्काळजी म्हणायचं तर कोणत्या आधारावर? आपली सूचनांची यादी कालची आणि ठगांची युक्ती आजची, असंच होत राहणार. त्या यादीत रोज भर घालत राहणं हे सत्तरीतल्या माणसाचं काम असू शकत नाही.

पार्सलचंही तसंच. सेलच्या दिवसांत घरातल्या प्रत्येकाचं काही ना काही यायचं असतं, त्यामुळे ‘तुमचा पत्ता अपूर्ण आहे, पार्सल परत जाईल, पाच रुपये भरून पत्ता दुरुस्त करा’ हा निरोप खरा वाटायला पूर्ण वाव असतो. ज्याने ऑर्डर दिली तो मुलगा तिकडे ऑफिसात असतो, पार्सल घ्यायला घरी असते आई. काय मागवलंय, कुठून, पैसे भरलेत की नाहीत, यातलं तिला काहीच ठाऊक नसतं. ‘आई, उद्यापर्यंत एक फोन येईल, पैसे भरून झालेत, कुणालाही एक रुपयासुद्धा द्यायचा नाही’ एवढा निरोप त्याने आधी दिला असता तर पाच रुपयांची ती लिंक तिथेच अडली असती. एवढा निरोप द्यायचं कुणाच्या मनातच येत नाही, इतकं आपण खरेदीला खासगी बाब समजून बसलो आहोत.

खरेदीविषयी एकच मुद्दा मांडतो. दुकानाचं अ‍ॅप स्वतः उघडावं, आलेल्या लिंकवरून जाऊ नये, हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण सेलच्या पानावर उलटं पळणारं घड्याळ, ‘फक्त २ शिल्लक’ ही पाटी, ‘आत्ता इतके लोक हेच बघताहेत’ ही ओळ, या सगळ्यांनी आपल्याला घाई करायची सवय लावली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या रचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत तेरा प्रकार आहेत आणि पहिलाच प्रकार खोट्या घाईचा आहे. नामांकित कंपन्या जी घाई शिकवतात तीच ठगाच्या कामी येते. ‘आज रात्री बारापर्यंत’ हे शब्द दोघांचेही सारखेच असतात. म्हणून खोट्या घाईवरची कारवाई हा ग्राहकाच्या चार पैशांच्या नुकसानीपुरता प्रश्न नाही. सायबर सुरक्षिततेचाच तो भाग आहे आणि त्याच गांभीर्याने दंड व्हायला हवा.

व्यवस्थेने ठरवलं तर काय होऊ शकतं याची दोन उदाहरणं आपल्याच देशात आहेत. यूपीआयवर कुणीही आपल्याकडे पैशांची मागणी पाठवू शकत असे. जुना फ्रिज विकायला काढलेल्या माणसाला ‘पैसे पाठवतोय, फक्त पिन टाका’ असं सांगून त्याच्याच खात्यातून पैसे काढले जात. पैसे मिळवायला पिन लागत नाही, हे वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडून सांगितलं गेलं. अखेर यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोयच बंद केली. एवढ्या वर्षांच्या जनजागृतीला जे साधलं नाही ते एका परिपत्रकाने साधलं.

दुसरं उदाहरण कार्डांचं. रिझर्व्ह बँकेने २०२० साली नियम केला की नवं कार्ड देताना ते देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या यंत्रावर चालेल एवढंच सुरू ठेवायचं. ऑनलाइन खरेदी, परदेशातला वापर, यंत्राला नुसतं टेकवून पैसे देणं, हे सगळं बंद. ज्याला हवं त्याने स्वतःहून सुरू करून घ्यावं. त्यामुळे व्यापार ठप्प झाला नाही, कार्डं वापरणंही कुणी सोडलं नाही. दारं आधी बंद आणि गरजेपुरती उघडायची, हे तत्त्व कार्डाला लागू पडतं. मग फोनला का नको? आज साठीपुढच्या माणसाचं खातं एकदा यूपीआयला जोडलं की साधारणपणे दिवसाला एक लाखापर्यंतची वाट मोकळी होते. भाजी, दूध, औषधं आणि विजेचं बिल यांना एवढी मर्यादा कशाला लागते?

बँका हे करतील तेव्हा करतील. तोवर फोन देणाऱ्याने काय करावं, याबद्दल माझं मत ठाम आहे. ज्या खात्यात पेन्शन, मुदतठेवी आणि आयुष्यभराची शिल्लक आहे ते खातं नव्या फोनला जोडूच नये. महिन्याच्या खर्चापुरते पैसे ज्यात राहतील असं वेगळं बचत खातं काढावं आणि यूपीआय फक्त त्यावर चालवावं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आईचा जुना बटणांचा फोन फेकून देऊ नये. पेन्शनच्या खात्याला जोडलेलं सिम त्या साध्या फोनमध्येच राहू द्यावं आणि नव्या फोनला दुसरा नंबर घ्यावा. बटणांच्या फोनवर एपीके बसत नाही, त्यामुळे त्यावर आलेला ओटीपी कुठल्या अ‍ॅपला चोरून वाचता येत नाही. खर्च येतो तो एका स्वस्त रिचार्जचा. नवीन फोन मिळाला म्हणून जुना नंबरही त्यातच घालण्याची जी घाई आपण पाडव्याच्या दिवशी करतो, तिने सगळ्या किल्ल्या एकाच खिळ्याला टांगल्या जातात.

रोजच्या छोट्या खर्चाला यूपीआय लाइट, म्हणजे थोडे पैसे आधी काढून ठेवायचं फोनमधलं पाकीट, चांगलं आहे. त्यात एका वेळी जास्तीत जास्त ५,००० रुपये राहतात आणि एक व्यवहार १,००० रुपयांपर्यंतच होतो, म्हणजे त्यातून काही बिघडलंच तरी नुकसान तेवढ्यावर थांबतं. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या यूपीआय सर्कलमध्ये मुलाच्या खात्यातून आईला पैसे देता येतात. पूर्ण मुभा दिली तर महिन्याला १५,००० रुपयांची मर्यादा असते, नाहीतर प्रत्येक वेळी मुलाच्या मंजुरीनंतरच पैसे जातात. दुसरा प्रकार मला पटत नाही. ज्या बाईने चाळीस वर्षं संसाराचा हिशेब सांभाळला तिला कोथिंबिरीच्या जुडीसाठी मुलाची परवानगी मागायला लावणं हा सुरक्षेच्या नावाखाली केलेला अपमान आहे. मर्यादा रकमेला घालावी, माणसाला घालू नये.

हीच गोष्ट घरात बसवल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांची. ‘आईबाबा एकटे असतात’ म्हणून दिवाळीत वायफायचा कॅमेरा भेट देणारे आता पुष्कळ आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातली सीसीटीव्ही चित्रणं चोरून इंटरनेटवर विकल्याचं उघड झालं. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेला कॅमेरा अशाच लोकांच्या हाती सापडतो. पासवर्ड बदलायचा हे खरंच, पण त्याआधी आईवडिलांना कॅमेरा हवा आहे का, कुठल्या खोलीत चालेल आणि तो बघणार कोण, हे त्यांना विचारायचं.

स्वतःसाठी नवा फोन घेऊन जुना वडिलांना देण्याची रीतही घरोघरी आहे. त्यात काटकसर आहे, पण जुन्या अँड्रॉइडला सुरक्षेचे अपडेट येणं बंद झालं असेल तर आपण घरातल्या सगळ्यात कमी सरावलेल्या माणसाच्या हाती सगळ्यात कमकुवत फोन ठेवतो आहोत. सेटिंगमध्ये शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ती वर्षापूर्वीची असेल तर त्या फोनवर फोटो बघावेत, किशोरीताई ऐकाव्यात, बँकेचं काम करू नये. बाहेरून वापरलेला फोन घ्यायचा असेल तर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून त्याचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनची ओळख पटवणारा क्रमांक पाहावा आणि दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर तो चोरीचा तर नाही ना हे तपासावं. मिनिटभराचं काम आहे आणि पावतीशिवाय वापरलेला फोन तर मुळीच घेऊ नये.

सगळ्यात जास्त नुकसान कशाने होतं हे विचाराल तर मी म्हणेन, घरातल्या धाकाने. ज्येष्ठ नागरिक संघाच्या कार्यक्रमांत सायबर सुरक्षेवर बोलण्याचे प्रसंग मला येतात. सभेत कुणी ‘मी फसलो’ असं म्हणत नाही. चहा होतो, खुर्च्या आवरल्या जातात आणि मग एखादे गृहस्थ बाजूला घेऊन हळूच सांगतात, ‘मुलाला अजून कळू दिलं नाही.’ किती दिवस झाले असं विचारलं की उत्तर येतं, महिना झाला. दीड महिना झाला.

या महिन्याचा अर्थ काय होतो? ठगाने काढलेली रक्कम एका खात्यात थांबत नाही. ती भाड्याने घेतलेल्या खात्यांमधून तुकडे करत पुढे सरकते आणि शेवटी कुठेतरी रोखीत निघते. १९३० हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक याच धावपळीला तोंड देण्यासाठी आहे. तिथे तक्रार गेली की पैसे ज्या बँकांतून पुढे गेले त्यांना एकाच यंत्रणेतून कळवलं जातं आणि वाटेत जी रक्कम सापडेल ती गोठवता येते. पहिल्या तासात फोन केला तर काही हाती लागण्याची शक्यता असते, दुसऱ्या दिवशी ती फार कमी होते, महिन्याने उरतो तो फक्त कागद. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातही वेळ निर्णायक आहे. ग्राहकाची आणि बँकेचीही चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवलं, तर ग्राहकावर एक रुपयाचाही बोजा पडत नाही. उशीर केला की पडतो.

आणि उशीर होतो तो ‘आई, तुला एवढंही कळत नाही का?’ या एका वाक्याच्या भीतीने. हे वाक्य घरात आधी कितीतरी वेळा बोललं गेलेलं असतं, चुकून डिलीट झालेल्या फोटोवरून, मोठ्या आवाजात लागलेल्या व्हिडिओवरून, चुकीच्या ग्रुपवर गेलेल्या निरोपावरून. छोट्या चुकीला जिथे खेकसणं मिळतं तिथे दोन लाखांची गोष्ट कोण सांगेल? फोन देताना देणाऱ्याने स्पष्ट शब्दांत सांगावं की पैसे गेले तरी चालतील, मला लगेच सांग, मी एक शब्द बोलणार नाही. आणि वेळ आल्यावर खरोखरच एक शब्द बोलू नये. फोन लावावा १९३० ला, मग बँकेला. बँकेचा नंबर पासबुकावरचा घ्यावा, गुगलवर शोधू नये, कारण तिथे खोटे ग्राहकसेवा क्रमांक पेरलेले असतात.

माझ्या या मांडणीवर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा की बँकेने भरपाई द्यायची ठरवली तर माणसं बेफिकीर होतील. ब्रिटनने हा प्रयोग करून दाखवला आहे. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे फसवणुकीला बळी पडून ग्राहकाने स्वतःच पैसे पाठवले असले तरी बँकांना ते परत करावे लागतात. कमाल मर्यादा ८५,००० पौंड. ग्राहकाच्या वाट्याला १०० पौंडांपर्यंतचा तोटा ठेवण्याची बँकांना मुभा आहे, पण विशेष असुरक्षित ग्राहकाला त्यातूनही सूट आहे. उघड बेपर्वाई केली तर भरपाई नाकारता येते. या नियमातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग पुढचा आहे. भरपाईचा भार पैसे पाठवणाऱ्या आणि पैसे स्वीकारणाऱ्या बँकेवर निम्मा निम्मा पडतो. ठगाचं खातं जिने उघडून दिलं तिलाही आता झळ बसते. आपल्याकडे त्या बँकेला कुणी विचारत नाही. ग्राहकाच्या हातून पिन किंवा ओटीपी गेला तर तक्रार करेपर्यंतचा सगळा तोटा त्याचा, असं २०१७ चं परिपत्रक सांगतं. पण ज्या खात्यात दहा मिनिटांपूर्वी पाच लाख आले आणि लगेच बाहेर गेले, ते कुणाच्या ओळखपत्रावर, कोणत्या शाखेत उघडलं गेलं, हा प्रश्न तिथे येतच नाही.

दुसरा आक्षेप सोयीचा. पैसे क्षणात जातात हीच यूपीआयची ताकद, त्यात अडथळे कशाला? दुकानदाराला तीस रुपये देताना अडथळा नकोच. पण सत्तर वर्षांच्या खातेदाराच्या खात्यातून, आयुष्यात प्रथमच एखाद्या अनोळखी खात्यात दोन लाख निघाले तर ते काही तास थांबले म्हणून कोणाचं काय अडतं? सिंगापूरमध्ये डिसेंबर २०२४ पासून, फसवणुकीचं नुकसान कुणी सोसायचं हे ठरवणारी जबाबदारीची चौकट लागू झाली. तिच्यात, नव्या फोनवर व्यवहार मंजूर करणारी बँकेची डिजिटल किल्ली सुरू केल्यावर बारा तास मोठ्या जोखमीचे व्यवहार होऊ द्यायचे नाहीत असं बंधन बँकांवर आहे. ठगाला सगळ्यात जास्त नकोशी असते ती सवड. त्या बारा तासांत मुलीचा रात्रीचा फोन येतो, शेजारचे काका डोकावतात, माणसाचं स्वतःचं मन थाऱ्यावर येतं.

फोन विकणाऱ्यांवरही बंधन हवं. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून, एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं त्याला अपडेट देणं कंपन्यांना बंधनकारक आहे. आपल्याकडे खोक्यावर कमाल किरकोळ किंमत असते, आयातदाराचा पत्ता असतो, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोठ्या अक्षरांत असतात. या फोनला सुरक्षेचे अपडेट कोणत्या महिन्यापर्यंत मिळतील, ही एक ओळ मात्र कुठे नसते. औषधाच्या पाकिटावर मुदतीची तारीख छापणं सक्तीचं आहे. ज्या वस्तूतून आयुष्यभराची शिल्लक जाऊ शकते तिच्यावरही तशी तारीख छापायला लावण्यासाठी फार मोठा कायदा लागत नाही.

आणि हे सगळं मराठीत हवं. फोनची भाषा मराठी केली तरी बँकांच्या कितीतरी अ‍ॅपमधले नेमके धोक्याचे इशारे इंग्रजीतच राहतात, किंवा अशा मराठीत येतात की वाचून काहीच बोध होत नाही. ‘हे अ‍ॅप तुमचे बँकेचे मेसेज वाचू शकेल आणि तुमचे पैसे जाऊ शकतात’ असं साधं वाक्य परवानगीच्या त्या पडद्यावर आलं, तर पत्रिका बघायला निघालेली बाई निदान एकदा थांबेल. हे वाक्य लिहून घ्यायला बँकांना आणि फोन कंपन्यांना पुढच्या दसऱ्यापर्यंतचा वेळ पुरेसा आहे आणि त्याची मुदत रिझर्व्ह बँकेने व दूरसंचार विभागाने मिळून घालून द्यावी.